तळ्यावरची तार

सोमवार, ४ मार्च

धाकट्या,

हे पत्र आईने लिहायला लावलंय, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते. फोन करू नकोस म्हणाली. "फोनवर तुम्ही दोघं तिसऱ्या वाक्याला भांडता. कागदावर मधेच तोंड घालता येत नाही." पत्ताही तिनेच दिला. सहा वर्षांत तू तीन घरं बदललीस आणि तिन्ही पत्ते तिच्या पर्समधल्या वहीत होते, हे मला परवा कळलं.

तर मुद्दा. आईला घरामागच्या तळ्यावर झिपलाइन बांधायची आहे. दोन झाडांमध्ये पोलादी तार, तारेवर कप्पी, कप्पीला पट्ट्यांनी लटकलेला माणूस, आणि तो माणूस या काठावरून त्या काठावर सुर्रकन जातो, ती. तो माणूस म्हणजे आई. वय त्र्याहत्तर, वजन सेहेचाळीस किलो, डाव्या गुडघ्यात संधिवात.

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघताना तिने हे टीव्हीवर पाहिलं. मला वाटलं, दाढ काढली की विसरेल. पाचव्या दिवशी दुकानातून घरी आले तर कोपऱ्यावरचे क्रेनवाले आमच्या स्वयंपाकघरात बसून पाकिटाच्या मागे झाडं काढत होते. तुला आठवत असतील. तीस वर्षं उंच इमारतींवरची क्रेन चालवली, आता दोन्ही गुडघे गेले. त्यांच्या बायकोला आई घरी जाऊन इंजेक्शन द्यायची, त्यामुळे आई काय म्हणेल त्याला "हो, सिस्टर" एवढंच त्यांचं उत्तर.

मी म्हटलं, "आई, ही तारेवरची कसरत कशासाठी?"

"कसरत तारेला. मी नुसती लटकणार," म्हणाली.

क्रेनवाले उतार नजरेने ठरवू म्हणतात. माझा नजरेवर विश्वास नाही. औषधाच्या दुकानात वीस वर्षं काढली, तिथे नजरेने काही देत नाहीत. तू पूल बांधतोस. झाड ते झाड अंतर बेचाळीस मीटर, मधे तळं, आईचं वजन वर दिलंय. उतार किती, तार किती जाड, एवढं कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

आईच्या वतीने,
मी


बुधवार, १३ मार्च

धाकट्या,

तुझा कागद मिळाला. मायना नाही, सही नाही, नुसती आकृती आणि आकडे. बरोबरच आहे, मीच तसं लिहिलं होतं.

आईने तो फ्रीजवर चिकटवलाय. दोन मीटर उतार, मधे सव्वा मीटर झोळ, बारा मिलिमीटरची तार. खाली तू लिहिलंयस, "हलका माणूस पलीकडे पोचला नाही तर मागे घरंगळत येऊन मधोमध थांबेल. कप्पीला परत ओढायची दोरी हवीच." 'हवीच'खाली दोन रेघा. शाळेच्या वहीतही तू अशाच दोन रेघा मारायचास, कागद फाटेपर्यंत.

ते 'मधोमध' वाचल्यापासून माझं धाबं दणाणलंय. काल दुकानात एका बाईंना अडीचशेच्या गोळ्यांऐवजी पाचशेच्या दिल्या. दारातून परत बोलावलं, बदलून दिल्या, हसून साजरं केलं. आता प्रत्येक पाकीट तीनदा वाचते. मागे रांग लागते. मालक घड्याळाकडे बघतात.

शनिवारी मागचं दार उघडलं. सहा वर्षांनी. कुलपात तेल सोडावं लागलं आणि कडी तरीही हातोडीने ठोकून काढली. तळ्याकडे जायची वाट राहिलेली नाही, कमरेएवढं गवत आहे. क्रेनवाल्यांनी काठीने गवत बाजूला सारत आईला काठापर्यंत नेलं. मी पायरीवर उभी राहिले. इथूनही दिसतं की.

आईला मी सरळ विचारलं, "ज्या तळ्यात बाबा गेले, त्याच्यावरून झोके घ्यायची हौस कसली आली तुला?" आवाज चढला होता माझा.

ती चिडली नाही. गवताच्या कुसळ्या काढत बसली होती मोज्यांतून. म्हणाली, "काठावर उभं राहिलं की मला एकच जागा दिसते. ते सापडले ती. एवढं मोठं तळं आणि मला हातभर पाणी दिसतं. वरून गेले तर सगळं दिसेल."

मी कुसळ्या काढू लागले.

तार पुढच्या आठवड्यात येतेय. झाडाला वळसा घालून आणलेलं तारेचं टोक आवळायला क्लॅम्प किती लावायचे ते लिहिलं नाहीस. क्रेनवाले तीन म्हणतात. मी चार लावणार आहे.

मी


रविवार, २४ मार्च

धाकट्या,

दोन्ही टोकांना चार-चार क्लॅम्प लागले. मी स्वतः मोजले, क्रेनवाल्यांनी पाना मारल्यावर मीही मारला. "क्लॅम्पची बैठक ताणाच्या तारेवर, कमान मेलेल्या टोकावर," असं त्यांनी मला शिकवलं. 'मेलेलं टोक' म्हणजे वळवून आणलेलं, ज्याच्यावर भार नसतो ते. मला तो शब्द आवडला नाही. झाडाची साल कापू नये म्हणून बुंध्याभोवती लाकडाच्या पट्ट्या बांधून त्यावर तार घेतली. या काठावर शिडी आणि फळ्यांचा माचा, पलीकडे काठापासून सात-आठ मीटर आत, जाड झाडापाशी, बुटका माचा. ताण द्यायचा स्क्रू पलीकडे. सगळं तुझ्या कागदाप्रमाणे.

मग आज चाचणी घेतली. पन्नास किलो वाळूचं पोतं.

पोतं गेलं आणि थांबलंच नाही. पलीकडच्या झाडावर जाऊन असं आदळलं की आवाज आमच्या छातीत बसला. पोतं फाटलं, वाळू बुंध्यावरून खाली सांडत राहिली, बराच वेळ. मग क्रेनवाले डोकं खाजवत म्हणाले, "ब्रेक लागेल."

"ब्रेक लागेल!" मी ओरडले. "आत्ता सुचतंय तुम्हाला? त्या पोत्याच्या जागी माणूस असता तर?"

"माणूस नव्हता म्हणून तर पोतं होतं, पोरी."

आई वाळूकडे बघत होती. रुग्णालयात चौतीस वर्षं काढलेल्या बाईचा चेहरा कसा असतो तुला माहीत आहे. काही फाटलं, सांडलं की ती आधी बघते, मग बोलते. म्हणाली, "ब्रेक लावा. नीट लावा." आणि चहा टाकायला गेली.

मला वाटलं होतं, आता तरी ती सोडून देईल. रात्रभर ती वाळू सांडताना दिसणार.

आणखी एक. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. आपण शेवटचं बोललो तेव्हा तू विचारलं होतंस, "रविवारी दुपारी दुकान उघडं होतं?" मी म्हटलं होतं, किल्ली माझ्याकडे असते. मग मी तुला घरातून निघून जायला सांगितलं. बाबांना जाऊन बारा दिवसही झाले नव्हते. तर किल्ली माझ्याकडे असते हे खरंच आहे. अजूनही असते. बाबा बुडाले त्या दुपारी त्यांच्या झोपेच्या गोळ्या संपल्या होत्या, त्या आणायला मी दुकानात गेले होते. हे मी सगळ्यांना सांगितलंय आणि तेच खरं आहे.

हे इथे का लिहिलं कळत नाही. तारेचं लिहायला बसले होते.

मी


शनिवार, ६ एप्रिल

धाकट्या,

ब्रेक लागला. तारेवर एक लाकडाचा ठोकळा सरकता ठेवलाय. त्याच्या दोन्ही बाजूंना जाड रबरी पट्टे, पट्ट्यांची टोकं खाली जमिनीत ठोकलेल्या दोन खुंट्यांना. कप्पी ठोकळ्यावर आदळली की पट्टे ताणले जातात आणि वेग खाऊन टाकतात. मग माच्यावरच्या माणसाने लटकलेल्याला चटकन धरायचं, नाहीतर पट्टे त्याला मागे फेकतात. माच्यावरचा माणूस म्हणजे मी. पोतं सहा वेळा सोडलं. सहाही वेळा माझ्या हाताशी येऊन थांबलं. शेवटच्या दोन वेळा पंचेचाळीस किलोचं पोतं होतं, आईएवढं.

तरी मला ते झाड फार जवळ वाटतं. ठोकळा आणि झाड यांच्यात जेमतेम तीन मीटर. पट्टा तुटला तर? माझे हात घामाने निसटले तर? मागच्या पत्रात नाही, पण नंतरच्या चिठ्ठीत मी तुला विचारलं होतं, ठोकळा थोडा अलीकडे घेतला तर चालेल का. तुझं उत्तर आलं: "चाचणी जिथे झाली तिथेच ठेवा. एकदा झाली की हलवू नका." दोन रेघा. त्याखाली बारीक अक्षरात, "आईचा खोकला गेला का?"

गेला. फेब्रुवारीतच गेला. तिला खोकला होता हे तुला कसं कळलं, ते मी तिला विचारलं नाही.

तुला हसू येईल असं एक सांगते. बुधवारी मी कप्पी पळवली. पिशवीत घालून दुकानात नेली आणि लशींच्या फ्रीजमध्ये, मागच्या कप्प्यात ठेवली. म्हटलं, कप्पीच नाही तर आई जाणार कशी. दुपारी मालकांना ती सापडली. दोन किलोचं ते लोखंडी धूड दोन्ही हातांत धरून बाहेर आले आणि गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "हे कुठल्या आजारावर?"

संध्याकाळी मी ती मुकाट्याने टेबलावर ठेवली. आईने बघितली, हात लावून म्हणाली, "गार आहे." मग बऱ्याच वेळाने, भाजी चिरता चिरता, "ठमे, तुला भीती पाण्याची वाटते की माझी?"

मी म्हटलं, "उंचीची."

"तू कुठे चढणार आहेस?" म्हणाली.

अंगाला बांधायचे पट्टे आले. लहान मुलांच्या मापाचे बसले तिला. ती ते घालून रोज शिडी चढते, दहा वेळा, गुडघ्याला पट्टी बांधून. क्रेनवाले खाली खुर्चीत बसून मोजतात. एकवीस तारखेच्या रविवारी जायचं ठरलंय.

रविवारच कशाला, म्हटलं. तर म्हणे तुला सुट्टी असते.

ताई


शनिवार, २० एप्रिल

धाकट्या,

आज सकाळी आई अंघोळीला गेली होती तेव्हा मी पलीकडे जाऊन खुंट्या उपटल्या आणि बारा फूट अलीकडे, पाण्याच्या काठाशी ठोकल्या. गवत आहे, दिसत नाहीत. ठोकळाही तेवढा पुढे आणला. आता ती झाडापासून लांब थांबेल. झाडावर आदळणार नाही हे नक्की.

माचा सोडून मी काठावर स्टुलावर उभी राहीन. हात पोचतो, बघितलं मी.

पोतं सोडून बघितलं नाही. सोडलं असतं तर त्यांना कळलं असतं.

तू नको म्हणाला होतास. पण तू तिथे आहेस, माझे हात इथे आहेत. तुला सांगतेय कारण हे पत्र पोचेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

ताई


सोमवार, २२ एप्रिल

धाकट्या,

आधी हे: आई ठीक आहे. दोन्ही मांड्यांवर पट्ट्यांचे काळेनिळे वळ आहेत, बाकी काही नाही. आता बाकीचं सावकाश वाच.

काल सकाळी दहाला ती माच्यावर चढली. डोक्यावर लाल हेल्मेट, पायात तिचे जुने ड्युटीचे पांढरे बूट. क्रेनवाल्यांनी सगळे हूक तपासले, मोठ्याने म्हणत, "हा लागला. हा लागला." परत ओढायची दोरी त्यांच्या हातात, ती कप्पीला बांधलेली. मी पलीकडे, काठावर, स्टुलावर. क्रेनवाल्यांनी हात केला. मी हात केला.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली नाही. तारेचा तेवढा आवाज, शिट्टीसारखा, आणि ती माझ्याकडे येत होती, खाली बघत. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, पाळीवर आल्या आल्या वॉर्डात सगळ्या खाटांवरून नजर टाकावी तसं. मग वर बघून माझ्याकडे हसली. तिच्या तोंडावर ते हसू मी किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग कप्पी ठोकळ्यावर आदळली. पट्टे ताणले गेले आणि ती माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर थांबली. मी पुढे वाकले. तिच्या बुटाचं टोक माझ्या बोटांना लागलं. लागलं, आणि गेलं. पट्ट्यांनी तिला मागे फेकलं. स्टूल कलंडलं, मी चिखलात गुडघ्यांवर, आणि ती उलटी, माझ्याकडे तोंड करून, लांब लांब जात होती. थोडी पुढे, थोडी मागे, मग झोळाच्या तळाशी, तळ्याच्या बरोबर मधोमध, थांबली. तू लिहिलं होतंस अगदी तिथे. पाय पाण्यापासून हातभर वर.

"ओढा!" मी ओरडले. क्रेनवाल्यांनी दोरी ओढली. दोरी झोळात पाण्यात बुडाली होती, ती ताठ झाली आणि आई एका अंगाला कलली. परत ओढली, परत कलली. पाण्याखाली जुन्या झाडाचं खोड आहे, त्याच्या फांदीत दोरी अडकली होती.

"थांबा, थांबा," आईच म्हणाली. अगदी शांत आवाजात. "ओढू नका. अडकलंय खाली. ठमे, ऐक. माझे पाय जड व्हायला लागलेत. असं लटकून राहिलं की रक्त पायात उतरतं. पंधरा मिनिटं ठीक आहे. पुढे नाही."

क्रेनवाल्यांचे गुडघे तुला सांगितले. तरी ते बूट काढायला लागले होते. त्यांना पोहता येत नाही.

मी गेले पाण्यात.

सहा वर्षांत मी त्या पाण्याला बोट लावलं नव्हतं. स्वप्नात त्याला तळ नसायचा. काल चालत गेले. घोटा, गुडघा, कंबर. खाली चिखल, पाय ओढून घेणारा. छातीपर्यंत आलं आणि मी पुढच्या पावलाला बुडेन म्हणून श्वास धरला. पुढचं पाऊलही छातीपर्यंतच. त्याच्या पुढचंही. तळ्याच्या मधोमध उभी होते मी, आईच्या पायांखाली, आणि पाणी माझ्या काखेत होतं.

धाकट्या, बाबा माझ्यापेक्षा टीचभर उंच होते.

त्यांनी नुसतं उभं राहायचं होतं. शेवटी शेवटी आपली नावंही विसरले होते ते, उभं राहायचं असतं हे त्यांना आठवलं नसेल.

मी तिथेच थिजले. आई वरून म्हणाली, "दोरी, ठमे." मग दोरी शोधली. डोकं पाण्याखाली घालावं लागलं, दोनदा. बोटं सोलली, पण फांदीतून सोडवली. वर आले तर आईचे ओठ पांढरे पडले होते. तिने हळूच दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर ठेवले. भार उतरला तिचा. सेहेचाळीस किलो म्हणजे काहीच नाही, रे. ओले बूट, आणि त्यातून तिचे पाय थरथरताना कळत होते.

"जरा अशीच थांब," म्हणाली. "रक्त फिरू दे."

आम्ही थांबलो. क्रेनवाले लांबून विचारत होते, ओढू का, आणि ती हाताने नाही म्हणत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी मी बाजारातून आले तेव्हा तुझ्या गालावर चटईचे वळ होते."

मी तिचे घोटे घट्ट धरले.

"दुकानातून आलेल्या माणसाच्या गालावर चटईचे वळ नसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून वाट बघत होते. आज सांगशील, उद्या सांगशील." मग तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मला रडू फुटलं आणि माझे खांदे हलायला लागले, तर म्हणाली, "अगं हलू नकोस, पडेन मी."

धाकट्या, मी दुकानात गेले नव्हते. तुला तेव्हाच कळलं होतं, म्हणून तू विचारलंस, म्हणून मी तुला घालवलं. त्या आठवड्यात बाबा रात्री झोपतच नव्हते. दर तासाला उठून, बदकांना पाव घालायचाय म्हणून मागच्या दाराकडे जायचे. तळ्यावर बदकं येऊन जमाना झाला होता. जागरणाचा तिसरा दिवस होता माझा, डोळे मिटत होते. दाराची कडी ते काढायला शिकले होते. म्हणून मी चटई दारातच आडवी टाकली आणि तिच्यावर निजले. म्हटलं, मला ओलांडल्याशिवाय बाहेर जाता येणार नाही, आणि ओलांडायला लागले की मला जाग येईल.

ते मला ओलांडून गेले. मला जाग आली नाही.

एवढंच आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सहा वर्षं उशिरा.

मग क्रेनवाल्यांनी ओढलं आणि मी खालून पाय धरून चालत राहिले, या काठापर्यंत. तिला सोडवून खुर्चीत बसवलं, पाय चोळले. क्रेनवाले मोठा फेरा मारून लंगडत पलीकडे गेले आणि खुंट्या बघून परत आले. "ह्या कुणी हलवल्या?" विचारलं.

"मी."

शिव्या देतील असं वाटलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "पोरी," म्हणाले, "मला विचारायचंस की." आणि टॉवेल आणायला आत गेले.

आज दुकानात गेले नाही. मालकांना फोन करून बरं नाही सांगणार होते. तळ्यात भिजले, थकलेय, असं खरं ते सांगितलं. आई म्हणते पुढच्या रविवारी परत जाणार, खुंट्या जिथे होत्या तिथे ठोकून. आज सकाळी मी त्या ठोकल्या. क्रेनवाले शेजारी उभे राहून बघत होते.

मला अजून भीती वाटते, ती गेलेली नाही. तू हे वाचून काय म्हणशील याची सगळ्यात जास्त. उत्तर दिलं नाहीस तरी मी समजून घेईन. आकड्यांचा कागद पाठवलास तरी चालेल.

पत्र आईला वाचायला देतेय. तिने वाचून पाकिटात घालावं असं मीच म्हटलं. आता लपवायचं काही राहिलं नाही.

तुझी,
ताई


ता. क.

बाळा, मी आई. ती वर अंघोळीला गेली आहे. ती यायच्या आत हे लिहून पाकीट चिकटवते आहे. खालचं तिने वाचलेलं नाही.

मी वाट बघत होते असं मी तिला म्हटलं, ते खरं आहे. अर्धं.

बाबांना आम्ही पाळ्या लावून सांभाळत होतो. माझ्या पाळीत ते दोनदा बाहेर गेले होते. पहिल्यांदा काठावर सापडले, बूट ओले. दुसऱ्यांदा, ते जायच्या पाच दिवस आधी, गुडघाभर पाण्यात उभे होते. हात धरला तर निमूट घरी आले. मी दोन्ही वेळा खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते. चौतीस वर्षं रात्रपाळ्या केल्या, वॉर्डात एकदाही डोळा लागू दिला नाही, आणि घरी लागला. लाज वाटली. पायजमा धुऊन टाकला आणि कुणाला बोलले नाही. ते तळ्यापर्यंत पोचतात हे तेव्हाच तुम्हाला दोघांना सांगितलं असतं तर त्याच दिवशी दाराला कुलूप लागलं असतं. ठमीला दारात आडवं पडायची वेळ आली नसती.

तिने सांगावं म्हणून मी सहा वर्षं वाट बघितली, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. काल तारेवर लटकून सांगणार होते, तर ती रडायला लागली. आज सकाळपासून तीनदा तोंड उघडलं. जमत नाही. आणि आता मी सांगितलं तर तिला वाटेल, आई समजूत काढण्यासाठी रचून सांगतेय. तिचा विश्वास बसणार नाही. तू सांगितलंस तर बसेल, कारण तू तिची समजूत कधीच काढली नाहीस.

तेव्हा हे तिला तू सांग. पत्राने नको, फोनने. मधे तोंड घातलंत तरी चालेल, भांडलात तरी चालेल. सातनंतर ती घरी असते. मी त्या वेळी क्रेनवाल्यांकडे जाऊन बसत जाईन.

पहिल्यांदा ती उचलणार नाही. परत कर.